काठीवरची खूण

आमच्या माळवदावर अजून एक चौकोनी पत्र्याचा डबा पडून आहे. तळाला गंजलाय, पण कान शाबूत आहेत. आजोबा त्याला डबा म्हणायचे नाहीत, ‘बर्मा शेल’ म्हणायचे. “बर्मा शेलभर जवारी दे,” असं ते आईला सांगायचे. चार गॅलनचा, म्हणजे आताचा अठरा लिटरचा डबा तो. निजामाच्या राज्यात असे रॉकेलचे डबे रेल्वेने गंगाखेडला उतरायचे आणि तिथून बैलगाडीने पालमकडे यायचे, असं आजोबा सांगत. रॉकेल संपलं की डबा पाण्याला, दाण्याला, शेवटी छपराला. तेल विकणारी कंपनी कुठं आहे, कुणाची आहे, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. १९७६ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली, तरी आजोबांचा डबा बर्मा शेलच राहिला.

डिझेल आमच्या घरात आलं ते १९७२ च्या दुष्काळानंतर. मी तेव्हा अकरा वर्षांचा. विहीर खोल केली, पाणी लागलं, पण मोटेने ते वर येईना. मग वडलांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून पाच हॉर्सपॉवरचं इंजन घेतलं. तासाला लिटरभर डिझेल पिणारं ते जनावर. वडील गंगाखेडहून एस. टी. च्या टपावर डबा बांधून आणायचे. कंडक्टर कटकट करायचा, वडील हात जोडायचे. डब्यातलं डिझेल इंजनात ओतताना एक थेंब सांडला तर ते बोटानं पुसून बोट इंजनाच्या लोखंडाला लावायचे. तेवढंच वंगण.

हे तेल गंगाखेडच्या पंपावर कुठून येतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. विहिरीत पाणी असतं तसं पंपात तेल असतं, असंच वाटायचं. त्याचं उत्तर मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी मिळालं. १९९९ साली. दोन वर्षं पीक हाती लागलं नव्हतं, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. तरुणपणी ट्रक चालवला असल्याने जड गाडीचं लायसन होतं. ओळखीच्या एका मालकाने टँकरवर घेतलं. धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमात दंडक आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. शाळेचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

आमची गाडी भरायची मनमाडजवळ पानेवाडीला. आधी रेल्वेच्या वाघिणींतून इंधन सगळीकडे जायचं. मग भारत पेट्रोलियमने मुंबईहून मनमाडपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर नळ टाकला. जमिनीखालून, सह्याद्री चढून तेल मनमाडला येऊ लागलं. तिथून खानदेश, मराठवाडा असं ते टँकरने पसरतं. पुढे येवला, वैजापूर, औरंगाबाद, जालना, मंठा, जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पालम. चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. मुंबईपासून मनमाडपर्यंत तेलाला नळ आणि मनमाडपासून आमच्या शिवारापर्यंत तेलाला माणूस, असा तो हिशोब.

गाडी बारा हजार लिटरची. आत चार-चार हजाराचे तीन कप्पे. कप्पे नसतील तर ब्रेक मारल्यावर सगळं तेल पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. एक कप्पा एका पंपावर रिकामा करून उरलेलं तेल दुसरीकडे न्यायचं, तर गाडीचा तोल वेगळा लागतो. वळणावर भरली गाडी म्हैस असते, अर्धी गाडी बुजलेलं वासरू.

ट्रकवाले रस्त्याकडेला गाडी लावून स्टोव्ह पेटवतात, भाजी टाकतात. आम्हाला ते नाही. टँकरचा सायलेन्सरसुद्धा पुढच्या बाजूला काढलेला आणि तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी बसवलेली. बिडी ओढायची तर गाडीपासून लांब शेतात जायचं. पावसाळ्यात पालमजवळ लेंडी नदीला पूर आला की अलीकडची गावं अलीकडे, पलीकडची पलीकडे. तेव्हा गाडी काठावर उभी करून रात्रभर केबिनमध्ये बसायचं. झोप यायची नाही. पाठीमागे बारा हजार लिटर आग निजलेली असते.

पण या कामातली खरी अडचण रस्त्याची नव्हती, पुराची नव्हती. ती पितळी काठीची होती.

प्रत्येक कप्प्यात एक काठी उतरते. आम्ही तिला डीप म्हणायचो. वजनमापे खात्याने गाडी मोजून प्रत्येक कप्प्याची खूण ठरवून दिलेली असते. पंपावर पोचलं की गाडी सपाट जागी उभी करायची, तेल निवळेपर्यंत थांबायचं, जमिनीला तार जोडायची, मग मॅनेजर झाकणाचं सील बघतो, काठी बुडवतो आणि तेल कुठवर ओलं झालं ते पाहतो. काठीच्या टोकाला एक लेप लावतात. खाली पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. मग घनता. सगळं नीट असेल तर नळी जोडायची.

आता यातली गोम सांगतो. तेल उन्हानं फुगतं आणि गारव्यानं आकसतं. बारा हजार लिटर डिझेल एका अंशाने थंड झालं तर सुमारे दहा लिटरनं कमी दिसतं. मे महिन्यात दुपारी तापलेलं तेल भरायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पालमला उतरवायचं. चार-पाच अंशाचा फरक पडला की चाळीस-पन्नास लिटर काठीवरून गायब. वजन तेवढंच असतं, पण काठीला वजन कळत नाही. हिशोबाचे तक्ते असतात, थर्मामीटर असतो. पण पहाटे पाच वाजता मालकाच्या डोळ्यांपुढे तक्ता नसतो, काठी असते. आणि काठी म्हणते, ड्रायव्हरनं तेल खाल्लं.

आकसलेलं तेल आणि चोरलेलं तेल काठीवर सारखंच दिसतं. फरक फक्त ड्रायव्हरच्या पोटात असतो.

२००१ च्या उन्हाळ्यात माझ्या पगारातून पस्तीस लिटरचे पैसे कापले गेले. मी थेंबाला हात लावला नव्हता. गाडीमालकाला म्हणलं, “मालक, तेल गार झालं, दुसरं काही नाही.” तो म्हणला, “सगळे असंच म्हणतात.” त्या महिन्यात घरी बियाण्याला पैसे द्यायचे होते. मी गप घरी आलो.

पुढच्या फेरीला रस्त्यातल्या एका ढाब्यावर थांबलो. त्या रस्त्याचं आणि ढाब्याचं नाव इथं लिहीत नाही. सील शाबूत ठेवून तेल काढायची कला तिथल्या पोरांना येत होती. तीही लिहीत नाही. वीस लिटरचा एक डबा भरला आणि मला दोनशे रुपये मिळाले. मनाला सांगितलं, न खाल्लेल्या तेलाचे पैसे आधीच भरलेत, आता ते तेल खाल्लं एवढंच. सकाळी पालमला काठी कमी निघाली. पंपावरचे मॅनेजर वयस्कर होते, वडलांच्या ओळखीचे. त्यांनी काठी पुसली आणि मलाच म्हणाले, “रात्री गारवा हुता का रं? आकसलं आसंल.” मी मान हलवली. ज्या खऱ्या गोष्टीवर मालकानं विश्वास ठेवला नव्हता, तीच गोष्ट खोटी असताना या माणसानं विश्वासानं माझ्या तोंडात घातली. पंपाबाहेर चार शेतकरी डबे घेऊन थांबले होते. त्यातला एक आमच्याच भावकीतला.

असं मी तीनदा केलं. एकदा म्हणून सोडवून घेण्यात अर्थ नाही, तीनदा.

चौथ्या वेळी तो ढाबा यायच्या आधीच गाडीवरचं किलींडर पोरगं जागं झालं. आमच्याच गावचं, सतरा-अठरा वर्षांचं. डोळे चोळत म्हणलं, “काका, आज किती काढायचं?” जेवायचं काय, असं विचारावं तसं. मी गाडी थांबवली नाही. जिंतूरपर्यंत काही बोललोही नाही. तिथं चहा पिताना त्याला म्हणलं, “आजपून न्हाई.” तो म्हणला, “कामून? काय झालं?” त्याला काय सांगावं ते सुचलं नाही. त्यानंतर पगारातून आणखी दोनदा पैसे कापले गेले. खरं बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तीन डब्यांनी माझा तेवढा हक्क खाल्ला होता.

२००६ साली मी टँकर सोडला. मुलगा हाताखाली आला होता, शेती बरी झाली होती.

२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीच्या एका ढाब्यावर भेसळ चाललेली बघून थांबले. तेलचोरांनी त्यांना तिथंच पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. शाळेतलं झेंडावंदन आटोपून लोक पारावर बसले होते आणि पेपरातली बातमी मोठ्यानं वाचत होते. तेव्हा रेशनचं निळं रॉकेल बारा-पंधरा रुपयांना मिळायचं आणि डिझेल चाळीसच्या पुढं होतं. मधल्या पंचवीस रुपयांवर किती माणसं जगत होती, हे त्या रस्त्यावर आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. पारावर सगळे म्हणत होते, माफिया, माफिया. मी काही बोललो नाही. मी माफिया नव्हतो. पण असल्या धंद्याला दुरून कुणी डबे आणून देत नाही. वीस-वीस लिटर करून आमच्यासारखेच आणून देतात, प्रत्येकाजवळ आपलं एक खरं कारण असतं. त्या रात्री मी त्या किलींडर पोराला फोन लावला. तो तोवर ड्रायव्हर झाला होता. त्यानं फोन उचलला, गाडी नागपूरकडं आहे म्हणला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. “काका, एवढ्या रातीचं काय काम काढलं?” म्हणून विचारलं. म्हणलं, “काही न्हाई, सहज.”

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा टँकर थांबले, या खेपेला संपाने. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असं नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आल्यावर ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. पानेवाडीतून गाड्या निघेनात. महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या. मीही ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी रांगेत होतो. पुढचा एक पोरगा मोबाइल बघत म्हणाला, “या ड्रायव्हरांची लई मस्ती झाली. सगळे चोर हायेत.” २ तारखेच्या रात्री सरकारनं सांगितलं, चर्चा केल्याशिवाय ते कलम लावणार नाही, आणि गाड्या सुरू झाल्या. पण त्या दुपारी रांगेत मी त्या पोराला म्हणलं, “बाबा, अपघात झाल्यावर ड्रायव्हर थांबला तर जमाव त्याला जित्ता सोडत न्हाई, पळाला तर कायदा सोडत न्हाई. आन् पाठीवर पेट्रोल घेऊन थांबायचं, हे कधी बघितलंस का?”

“मग चोर न्हाईत म्हणता का?” त्यानं विचारलं.

“हायेत,” मी म्हणलं. “मीबी हुतो. तीन डबे.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मागच्या दोघांनीही माना वळवल्या. वडलांच्या ओळखीचे ते मॅनेजर आता हयात नाहीत. त्यांना सांगायला हवं होतं ते मी रांगेतल्या अनोळखी पोराला सांगितलं.

आता टँकरला मोबाइलसारखं यंत्र बसवलेलं असतं. गाडी कुठं थांबली ते कचेरीत दिसतं. कुलपंही यंत्राची आली. चांगलं झालं. आजच्या ड्रायव्हरला खरं बोलताना एक साक्षीदार तरी आहे. पण तेल अजून गारव्यानं आकसतंच. पहाटे पंपावर टँकर उभा दिसला की मी ट्रॅक्टर बाजूला घेतो आणि ड्रायव्हरला चहा सांगतो. काठी बाहेर येईपर्यंत त्याचा चेहरा कसा असतो, ते मला माहीत आहे.