हातभट्टीची कुळे

इंग्रजीतील ‘होमब्रू’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न डोंबिवली पूर्वेच्या एका तिसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यात माझ्या भाच्याने मला घातला, तेव्हा ‘घरगुती’, ‘स्वरचित’, ‘गृहसिद्ध’ असे तीनचार सोवळे शब्द पुढे करून झाल्यावर आणि ते सारे सभेने एकमताने फेटाळल्यावर, ज्याचे बालपण ठाण्याच्या खाडीकाठी गेले त्याच्या तोंडी अखेरीस जो यायचा तोच शब्द माझ्या तोंडी आला: ‘हातभट्टी’. मंडळी इतकी हसली की शेजारच्या काकूंनी दार वाजवले. पण शब्द टिकला, आणि आता त्या घरात तो रूढ झाला आहे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ज्या मालाला तिवरांच्या आडोशाला आणि भरती-ओहोटीच्या हिशेबाने राहायला लावले, त्याचे नाव एका बैठ्या खेळातील पात्रांना द्यावे, हे वरकरणी अप्रशस्त वाटेल; परंतु मूळ इंग्रजी शब्दही त्याच घराण्यातला आहे. घरच्या घरी आंबवलेली बिअर ती ‘होमब्रू’. अमेरिकेत दारूबंदी १९२० साली आली आणि १९३३ साली उठली, पण उठताना घरगुती द्राक्षासवाला मोकळीक मिळाली आणि घरगुती बिअर कायद्याबाहेरच राहिली; तिला मान्यता देणाऱ्या विधेयकावर अध्यक्ष कार्टर यांची सही व्हायला १९७८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. (गाळणे आणि आंबवणे यांतील भेद आबकारी खात्याने कृपया मनावर घेऊ नये.) म्हणजे ज्या वर्षांत हा खेळ जन्मला आणि वाढला, त्या वर्षांत त्या देशात खरी ‘होमब्रू’ बेकायदाच होती.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पटाची सक्ती नाही. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात, त्यांतील एक सूत्रधार होतो (त्याला मंडळी ‘डीएम’ म्हणतात), तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. पात्राला दोन ओळखी असतात. एक ‘क्लास’, म्हणजे त्याचा पेशा: लढवय्या, मांत्रिक, चोर, भाट. दुसरी ‘रेस’. या दुसऱ्या शब्दाशी मात्र त्या संध्याकाळी आमची बरीच झटापट झाली. कोणीतरी ‘जात’ म्हणाले आणि दिवाणखान्यात क्षणभर नको ती शांतता पसरली. ‘वंश’ फार जड वाटला. शेवटी ‘कूळ’ ठरले. पुढे कळले की खेळ छापणाऱ्या खुद्द कंपनीलाही ‘रेस’ खुपू लागला होता, आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तिने तो काढून त्या जागी ‘स्पीशीज’ घातला. छापील पुस्तकात जी कुळे आणि जे पेशे आहेत ते अधिकृत. जे खेळणाऱ्याने स्वतः रचून वहीत लिहून आणले ते होमब्रू, म्हणजे आमची हातभट्टी.

भाच्याचा समज असा होता, आणि बहुतेकांचा असतो, की आधी अधिकृत पुस्तक झाले आणि मग त्याला फाटे फोडणारी हातभट्टी आली. इतिहास पाहू जाता क्रम नेमका उलटा निघतो.

मूळ पुरुष शोधायचा तर प्रशियाच्या सैन्यात जावे लागते. राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजाला युद्धाचा एक पट सादर केला. त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले, आणि त्यात खेळणाऱ्यांच्या वर निवाडा देणारा एक त्रयस्थ पंच बसवला. आजचा डीएम हा त्या पंचाचा वारस. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून तेच युद्ध शिशाच्या सैनिकांसह दिवाणखान्याच्या जमिनीवर आणले. आपल्याकडे सोसायटीच्या अंगणात दिवाळीला मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर मावळे मांडले जातात, आणि मावळे कमी पडले म्हणून बंदूकधारी प्लॅस्टिकचा शिपाई व बुरुजाहून उंच वाघ यांचीही भरती होते, त्याहून हे फार निराळे नव्हते. फरक एवढाच की आपले युद्ध भाऊबीज होताच आवरले जाते. त्यांचे वर्षानुवर्षे चालले.

मग १९६९ साली मिनेसोटा प्रांतातील जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनकालीन युद्धाचा एक डाव मांडला, ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक गावाभोवती. सेनापती दोनच लागतात आणि खेळायला माणसे जास्त आलेली. तेव्हा उरलेल्यांना त्याने गावचा नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशी कामे वाटून दिली. डाव त्याच्या हातून पार सुटला. नगराध्यक्ष आणि सावकार एकमेकांच्या मागे लागले, युद्ध बाजूला राहिले, आणि वेस्लीला आपला प्रयोग फसला असे वाटले. मंडळींना मात्र तोच पुन्हा हवा होता. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नसन याने १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ या कल्पित मुलखात, किल्ल्याखालच्या भुयारांत तोच प्रकार चालू केला. तिकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्स यांनी त्याच वर्षी ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळाला राक्षस, मांत्रिक आणि अजगर यांची पुरवणी जोडली होती. या दोघांच्या सहकार्यातून जानेवारी १९७४ मध्ये तीन तपकिरी पुस्तिकांचा खोका निघाला: प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर.

त्या खोक्यात पेशे तीनच होते, लढवय्या, मांत्रिक आणि पुरोहित. आणि यांतील पुरोहिताची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ब्लॅकमूरच्या टेबलावर एका खेळाडूचे पात्र ‘सर फँग’ नावाचे रक्तपिपासू पिशाच झाले होते आणि ते इतके माजले की कोणालाच आवरेना. तेव्हा त्याचा काटा काढण्यासाठी माइक कार या दुसऱ्या खेळाडूला एक धर्मगुरू करून दिला, पिशाचपटात क्रूस उगारून भुताला मागे रेटणारा म्हातारा असतो तसा. आज जगभर जखमा भरून काढणारा, भुते पळवणारा जो ‘क्लेरिक’ खेळला जातो, तो असा एका विशिष्ट घरातील, विशिष्ट भांडण मिटवण्यासाठी केलेला तोडगा होय. याला हातभट्टी म्हणायचे नाही तर काय?

चोराचे तेच. १९७४ सालीच कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथील ‘एरो हॉबीज’ या दुकानात जमणाऱ्या टोळक्याने कुलपे फोडणारा, सावलीत लपणारा पेशा रचला, त्याची हकीकत दूरध्वनीवरून गायगॅक्स यांच्या कानी घातली, आणि त्यांनी तो आपल्या पद्धतीने लिहून १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत घातला. अरण्यात हिंडणारा ‘रेंजर’ जो फिशर यांनी, मायाजाल पसरणारा ‘इल्युजनिस्ट’ पीटर अ‍ॅरन्सन यांनी आणि भाट, म्हणजे ‘बार्ड’, डग श्वेगमन यांनी तेव्हाच्या प्रकाशक कंपनीच्या छोट्या नियतकालिकाकडे पाठवला, आणि १९७५-७६ मध्ये तिघेही छापून आले. पहिल्या पुस्तिकांतच अशी मुभा होती की खेळणाऱ्याला काहीही व्हावेसे वाटले तर होऊ द्यावे, मात्र आरंभी ते दुबळे असावे. दशक संपता संपता खप वाढला, स्पर्धा आली, आणि त्याच गायगॅक्स यांनी नियमांत ढवळाढवळ करणारे लोक हा खेळ खेळतच नाहीत असे बजावायला सुरुवात केली. वहिवाट आधी कुळाची, सातबारा मागून मालकाचा.

कूळ हा शब्द येथे आपला दुसरा अर्थ घेऊन येतो, त्याला इलाज नाही. ठाणे जिल्ह्याच्या माणसाला १ एप्रिल १९५७ ही तारीख, कसणारा कूळ कायद्याने मालक ठरला तो कृषकदिन, निराळी सांगावी लागत नाही. या खेळाच्या मुलखातही तसेच काहीसे घडले. खेळ विकत घेतलेल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने २००० साली एक खुला परवाना काढला. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला जुन्या अमदानीत कौल मिळे, तसाच तो कौल होता: आमच्या मूळ नियमांवर तुम्ही आपली कुळे, आपले पेशे रचा, छापा, विका. त्या कौलावर एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी तो कौल मोडून नव्या जाचक अटी घालणार असल्याचे बाहेर फुटले, आणि रयतेने असा गिल्ला केला की महिना संपण्यापूर्वीच कंपनीने माघार घेऊन मूळ नियमांचा मसुदा सर्वांना कायमचा मोकळा केला. आता तो परत घेता येत नाही.

आपल्या ओळखीचा एक प्राणी या पुस्तकांत फार लवकर शिरला, त्याचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ‘राक्षस’ १९७५ च्या अखेरीस तेथे आला तो रामायणातून नव्हे, तर आदल्या वर्षाच्या डिसेंबरात दाखवलेल्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या भागातून. म्हणून तर तो मंतरलेल्या बाणाने मरतो. १९७७ च्या ग्रंथातील चित्रात त्याला वाघाचे तोंड आहे, अंगात उंची झगा आहे आणि तो चिलीम ओढतो आहे. मला ते चित्र आवडते. पण ज्यांच्या आजीने लहानपणी जेवताना राक्षस सांगितला, त्यांनी तो परक्याच्या दूरचित्रवाणीवरून का घ्यावा, हा भाच्याच्या मित्रांचा सवाल रास्त आहे, आणि त्यांची हातभट्टी तेथूनच पेटली.

सामग्रीची वाण नव्हती. आपल्या गावगाड्यात पेशांची यादी होतीच. बारा बलुते, अठरा अलुते. पण बारा कोण आणि अठरा कोण याबाबत दोन गावांचे, दोन ग्रंथकारांचे एकमत नाही. सोनार एकीकडे बलुत्यात, दुसरीकडे अलुत्यात, मुलाण्याचेही तेच. गावाने आपली गरज पाहून यादी केली, शिरस्ता पाडला. मात्र त्या यादीत पेशा जन्माने गळ्यात पडे आणि मरेपर्यंत सुटत नसे. डोंबिवलीच्या टेबलावर गोंधळी पाचव्या लेव्हलला, म्हणजे पाचव्या पायरीला, हवे तर लोहार होतो, आणि माझ्या मते या खेळाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे श्रेय हेच आहे.

तो गोंधळी मी जवळून पाहिला. रचणाऱ्या मुलीने बार्डचा सांगाडा घेऊन ल्यूटच्या जागी संबळ दिला, हाती दिवटी दिली, आणि असा नियम केला की युद्धापूर्वी गोंधळ मांडून जेवढ्या देवतांना त्यांच्या गावासह नावाने बोलवावे तेवढे जादा फासे सोबत्यांना मिळावेत. पहिल्याच रात्री तिने एका दमात सतरा दैवते बोलावली. डीएमने कपाळाला हात लावला. ‘हे फार ओपी आहे’, म्हणजे बेसुमार बळकट आहे, असे म्हणून त्याने दोन कलमे वाढवली: दिवटीला तेल लागेल आणि तेल संपले की गोंधळ संपला. आणि जे दैवत मागच्या वेळी बोलावले ते या वेळी विसरले तर ते रुसेल आणि एक फासा काढून घेईल. दुसरे कलम लिहिणाऱ्याला आपली दैवते चांगली ठाऊक आहेत.

कुळांसाठी मी त्यांना एक जुने बाड सुचवले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ साली वध झाला, त्यांनी शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती गोळा करवल्या होत्या. कोकणचा भाग एन्थोव्हेन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केला आणि त्यात ठाणे जिल्ह्यातील मास्तरांचीही उत्तरे आहेत. त्यांतील भुतांची वर्गवारी पाहिली की थक्क व्हायला होते. कोण मेला आणि कसा मेला, या दोन प्रश्नांवर सारी रचना उभी: बाळंतपणात गेली ती हडळ, सवाष्ण गेली ती जखीण, बुडून मेला तो गिऱ्हा, आणि मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी गेलेला बटू तो मुंजा. क्लास आणि रेस यांच्या कोष्टकाहून हे कोष्टक रेसभरही ढिले नाही. जातिभेदाने मरणानंतरही माणसाची पाठ सोडली नाही, हे त्यात दिसते ते वेगळे.

मुलांनी त्यातून मुंजाच उचलला. अदृश्य होता येते, भूक लागत नाही, पण पिंपळापासून साठ फुटांपलीकडे जाता येत नाही. असे पात्र मोहिमेवर निघणार कसे? यावर दोन रविवार वाद झाला. तिसऱ्या रविवारी भाचा म्हणाला, “मामा, आपल्या बिल्डिंगच्या पाइपाला पिंपळ फुटतो ना, सेक्रेटरी दर पावसाळ्यात उपटायला लावतात तो? तो कुंडीत लावला तर?” डीएमने बराच विचार केला. रोप म्हणजे वृक्ष नव्हे, हा आक्षेप त्याने नोंदवला आणि मागे घेतला. तेव्हापासून मुंजा कुंडी काखेत मारून हिंडतो, तिला रोज पाणी घालण्याचे कलम वहीच्या समासात लाल शाईने लिहिलेले आहे, आणि तो सध्या चौथ्या लेव्हलवर आहे.