टाइल नकाशा संपादक

टाइल नकाशा संपादक हे संगणकीय खेळांचे नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर आहे. वरून पाहिल्याप्रमाणे दृश्य दाखवणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांतील गावे, शेते, जंगले व घरांचे अंतर्भाग प्रामुख्याने अशा संपादकात रचले जातात. जमिनीवर फरशा बसवाव्यात त्याप्रमाणे समान आकाराचे छोटे चित्रखंड चौकटीच्या जाळीत मांडून नकाशा तयार होतो. या चित्रखंडास टाइल व त्यांच्या संग्रहास टाइलसंच म्हणतात.

पार्श्वभूमी

टाइल पद्धतीचा उगम स्मृतीच्या टंचाईत आहे. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राचा पडदा २५६ × २४० पिक्सेलचा होता. प्रत्येक पिक्सेलला २ बिट धरले, तरी एका पूर्ण चित्रास १५,३६० बाइट लागतात. तोच पडदा ८ × ८ पिक्सेलच्या ९६० टाइलमध्ये विभागल्यास टाइलचे क्रमांक साठवण्यास ९६० बाइट पुरतात. टाइलची चित्रे व रंगांची माहिती तेवढी वेगळी ठेवावी लागते.

रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ (१९८१) या खेळात टाइलचे नकाशे होते. एनिक्स कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) फॅमिकॉमवर लोकप्रिय झाल्यानंतर ही शैली जपानी खेळांत रूढ झाली. ॲस्की कॉर्पोरेशनने १९९२ मध्ये ‘आरपीजी त्सुकूरु दान्ते ९८’ प्रकाशित केला. या मालिकेमुळे (पुढे ‘आरपीजी मेकर’) प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही खेळ रचणे शक्य झाले. थॉर्ब्यर्न लिंडेयर यांचा ‘टाइल्ड’ हा मुक्त स्रोत संपादक कोणत्याही एका खेळाशी बांधलेला नाही. त्याचा टीएमएक्स हा नकाशा-प्रकार एक्सएमएलवर आधारित आहे.

रचना

नकाशा म्हणजे टाइल क्रमांकांची द्विमितीय सारणी होय. ती स्मृतीत बहुधा सलग ओळीत ठेवतात. शून्यापासून मोजणी केल्यास चौकटीचे स्थान ‘ओळ × रुंदी + स्तंभ’ या सूत्राने मिळते. ५० चौकटी रुंद नकाशात तिसऱ्या ओळीतील सातव्या स्तंभाचे स्थान १५७ असते. रुंदी ६० केल्यास हेच स्थान दुसऱ्या ओळीतील ३७ व्या स्तंभाकडे जाते. त्यामुळे आकार बदलताना प्रत्येक ओळ नव्या सारणीत स्वतंत्रपणे उतरवावी लागते. अन्यथा संपूर्ण नकाशा तिरपा होतो.

नकाशाला सहसा अनेक थर असतात. तळच्या थरात जमीन, मधल्या थरात भिंती व खोडे आणि वरच्या थरात छपरे व झाडांचे शेंडे असतात. खेळातील पात्र वरच्या थराखालून जात असल्याने दृश्यास खोलीचा आभास येतो. कोणत्या चौकटीतून चालता येईल, ही माहिती वेगळ्या अडथळा-थरात किंवा प्रत्येक टाइलच्या गुणधर्मात नोंदवतात.

उदाहरण

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याची लागवड चौरस पद्धतीने ६ × ६ मीटर अंतरावर केली जाते. एक चौकट २ मीटरची धरल्यास प्रत्येक तिसऱ्या चौकटीवर झाड येते आणि एक हेक्टरची बाग ५० × ५० म्हणजे २,५०० चौकटींत बसते. काळी जमीन, खोड व शेंडा असे तीन थर केल्यास प्रत्येक क्रमांकाला २ बाइटप्रमाणे १५,००० बाइट लागतात. हीच बाग १६ पिक्सेलच्या टाइलने एकसंध चित्र म्हणून साठवल्यास, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून, २५,६०,००० बाइट होतात. शिवाय झाडाचे रूप बदलायचे असल्यास टाइलसंचातील एकच चित्र बदलावे लागते.

साधने

कुंचला: माऊसच्या स्थानात नकाशा सरकल्याचे अंतर मिळवून टाइलच्या आकाराने भागल्यास चौकट मिळते. माऊस वेगाने फिरवल्यास मधल्या चौकटी सुटतात. त्या भरण्यासाठी जॅक ब्रेसनहॅम यांची रेषा काढण्याची रीत वापरतात.

भरण: निवडलेल्या चौकटीला लागून असलेल्या सारख्या टाइल एकदम बदलल्या जातात. यासाठी फलनाने स्वतःलाच बोलावण्याची रीत मोठ्या नकाशावर स्मृतीची मर्यादा ओलांडू शकते. म्हणून रांग वापरणे सुरक्षित ठरते. जुनी व नवी टाइल एकच असल्यास काम आरंभीच थांबवावे लागते.

ऑटोटाइल: पायवाट किंवा नदीचे काठ शेजारच्या चौकटी पाहून आपोआप निवडले जातात. चार शेजारी पाहिल्यास १६ शक्यता होतात. आठ शेजारी पाहिल्यास २५६ होतात. परंतु दोन्ही लगतच्या बाजू जुळत नसतील तेव्हा कोपरा दुर्लक्षित केल्याने प्रत्यक्षात ४७ टाइल पुरतात.

पूर्ववत करणे: प्रत्येक कृतीत बदललेल्या चौकटींचे जुने व नवे क्रमांक नोंदवले जातात. कुंचल्याचा एक पूर्ण फटकारा ही एकच कृती मानतात.

साठवण व मर्यादा

नकाशाच्या फाइलमध्ये चित्रे नसून केवळ क्रमांक असतात. त्यामुळे टाइलसंचाच्या चित्रात मध्येच टाइल घातल्यास किंवा स्तंभ वाढवल्यास पुढील क्रमांक सरकतात आणि जुन्या नकाशांत विहिरीच्या जागी भिंत दिसू लागते. नव्या टाइल शेवटच्या ओळीनंतर जोडणे हा यावरील साधा उपाय आहे. फाइलमध्ये आवृत्ती क्रमांक, नकाशाची रुंदी-उंची व टाइलसंचाचे नाव नोंदवल्यास संपादक पुढे बदलला तरी जुने नकाशे वाचता येतात.

एकाच टाइलची पुनरावृत्ती डोळ्यांना जाणवते, ही या पद्धतीची प्रमुख मर्यादा आहे. ती कमी करण्यासाठी जमिनीच्या टाइलची अनेक रूपे तयार करून ती यादृच्छिकपणे पेरली जातात.

हे सुद्धा पहा
संगणकीय खेळ
पिक्सेल
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर