सुधारणेला पाठीराखा लागतो

शाळेत दरवर्षी एखादी नवी पद्धत येते. परिपत्रक निघते, बैठक होते, रजिस्टर छापले जाते. दोन-तीन महिन्यांत ते रजिस्टर कपाटात जाते. वीस वर्षांच्या नोकरीत पद्धतच वाईट होती म्हणून ती बुडाली, असे मी क्वचित पाहिले. बहुतेक वेळा तिच्या पाठीशी ठामपणे उभे राहणारे कोणी नव्हते.

आपल्या नगरच्या इतिहासात मात्र याच्या उलट दोन दाखले आहेत.

पहिला मलिक अंबरचा. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा माणूस. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, त्यानंतर बुडत्या निजामशाहीचा तोच आधार झाला. त्याने महसूल वसुलीचा इजारा, म्हणजे ठेका, मोडीत काढला. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरवायला सुरुवात केली. ठेक्यावर जगणाऱ्यांचे यात नुकसान होते. ही पद्धत एखाद्या कारकुनाने सुचवली असती तर दुसऱ्या दिवशी तो घरी बसला असता. पण राज्याचा कारभार अंबरच्याच हाती होता आणि विरोध त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. 1626 मध्ये तो गेला, 1636 मध्ये निजामशाहीही संपली. तरी 'मलिकंबरी धारा' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आणि पुढच्या राज्यकर्त्यांनी त्याच पायावर आपली व्यवस्था उभारली.

दुसरा दाखला साडेतीनशे वर्षांनंतरचा, आपल्याच जिल्हाधिकारी कार्यालयातला. 1980 च्या दशकात अनिलकुमार लखिना येथे जिल्हाधिकारी होते. कचेरीत कागदांचे ढीग होते. एक जुना कागद शोधायचा तर अर्जदाराने हेलपाटे घालायचे. लखिनांनी अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून घेतली. 'अ' कायमचे जपायचे, 'ड' मुदत संपताच नष्ट करायचे. टेबलावरच्या कागदांचेही गठ्ठे ठरले: प्रलंबित वेगळे, उत्तराची वाट पाहणारे वेगळे, कायम लागणारे आदेश वेगळे. यात यंत्र नव्हते, शिस्त होती. 'लखिना पॅटर्न' म्हणून ही पद्धत राज्यभर गेली. पुढे पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी राबवलेल्या 'झिरो पेंडन्सी'तही हीच वर्गवारी आणि हेच गठ्ठे दिसतात.

या दोन्ही गोष्टींत वरिष्ठाने नेमके काय केले? नुसती सही करून तो मोकळा झाला नाही. जुन्या पद्धतीवर ज्यांचे पोट किंवा आराम अवलंबून होता, त्यांच्यासमोर तो उभा राहिला. आणि दुसरे, जास्त अवघड काम केले: पद्धत स्वतःवर अवलंबून ठेवली नाही. धारा जमिनीच्या प्रतीला बांधला गेला, कागद गठ्ठ्याला. मग माणूस गेला तरी काम चालत राहिले. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. गठ्ठा बांधायला शिकलेला कारकून मात्र तिथेच असतो.

म्हणून शाळेत, पतसंस्थेत किंवा मशिदीच्या ट्रस्टमध्ये नवी पद्धत आली की मी हल्ली दोनच प्रश्न विचारतो. पहिली तक्रार आली की पुढे कोण येणार? आणि तो निघून गेल्यावर हे कोणाच्या हाताला वळण पडलेले असेल? उत्तर नसेल तर रजिस्टर छापायचा खर्च तरी वाचवावा.