फूल आणि दोन पानं

आमच्या डिचोलीत निवडणूक आली, भोंगे लावलेल्या गाड्या फिरू लागल्या की शेजारच्या आजींना एकच मतदान आठवतं. १६ जानेवारी १९६७ चं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित म्हणून वेगळा ठेवायचा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळेपणाची दोन पानं. आजी तेव्हा पेडण्यात, लग्न नुकतंच झालेलं. ‘‘फूल म्हंजे आमचें, पानां म्हंजे भाटकाराचीं, इतकेंच आमकां सांगिल्लें,’’ असं त्या म्हणतात.

गंमत अशी, की या मतदानात उमेदवारच नव्हता. भाऊसाहेब बांदोडकरांनी आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. म्हणजे चिखल फेकायला समोर माणूस नाही. मग तो फेकला गेला शेजाऱ्यांवर. पानांवाले म्हणजे पाकल्यांचे हस्तक, त्यांच्या हाती सत्ता गेली की पुन्हा पाद्री आणि भाटकार डोक्यावर बसतील, असं एका बाजूनं सांगितलं. दुसऱ्या बाजूनं सांगितलं, की फूल आलं की नोकऱ्या घाटावरचे नेतील, माडाची सूर काढणारे रेंदेर उपाशी मरतील, गोवा कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन पडेल. मडगावचं ‘राष्ट्रमत’ विलीनीकरणाच्या विरोधात लिहीत होतं तेही मराठीतूनच. त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदर घरोघर वाचलं जाई. उल्हास बुयांव गावोगाव गाणी गात फिरत होते. गाणं तर वाचता न येणाऱ्या बाईपर्यंतही पोचतं.

यातलं खोटं किती होतं? मला वाटतं, निखळ खोटं फार थोडं. भाटकारांनी मुंडकारांना राबवलं होतं, हे खरंच. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता, हेही खरं. स्वाध्यायाला बसणाऱ्या मैत्रिणींना सत्याणुव्रताचे अतिचार पाठ असतील. त्यात पहिलाच मिथ्योपदेश. पण इथे मला ‘दुर्नय’ हा शब्द जास्त नेमका वाटतो. वस्तूची एक बाजू पाहणं हा नय, त्यात दोष नाही. उरलेल्या बाजू नाहीतच असं ठासून सांगितलं की त्याचा दुर्नय होतो. प्रचाराचं पत्रक म्हणजे छापील दुर्नयच की! खोटं पकडता येतं हो, अर्धं खरं पकडायचं कसं?

आणि या गोंगाटात पेडणे-डिचोलीचं खरं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. हे तालुके नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेले. त्याआधी सावंतवाडीचा अंमल. तेरेखोलपलीकडे माहेर, दोडामार्गाकडे मावशी, देवळातलं कीर्तन मराठीत. मुक्तीनंतर गावात शाळा निघाली तीही मराठीच. या बायकांना फूल जवळचं वाटलं तर त्यात कुणाची फूस कशाला हवी? तसंच सासष्टीतल्या ख्रिस्ती बाईला आपली भाषा, आपलं घर मोठ्या राज्यात हरवेल असं वाटलं, म्हणून ती काही पाकल्यांची होत नाही. दोघींची भीती खरी होती. प्रचारानं ती घेतली आणि एकीची दुसरीवर सोडली.

निकाल लागला. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आमच्या दोन्ही तालुक्यांत फूलच पुढे होतं. आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, याच गोव्यानं विलीनीकरणवाल्या भाऊसाहेबांच्या मगो पक्षाला पुन्हा निवडून दिलं! गोवा बुडणार, गोवा विकला जाणार म्हणणाऱ्यांना मतदारांनी दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं. एका प्रश्नाला एक कौल, दुसऱ्याला दुसरा. मतदार पत्रकांपेक्षा शहाणा निघाला.

शिक्के मात्र राहिले. आजींची धाकटी बहीण मडगावला दिलेली. तिनं पानांवर शिक्का मारला होता, हे आजींना कळलं तीस वर्षांनी, नातवाच्या बारशाला. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘तुमी पानांवाल्यांक पाकल्यांचे कुत्रे म्हणटाले. मागीर सांगूं कशें?’’