डोली, डबा आणि घडीची खुर्ची

रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची नावे असतात, आजारी प्रवाशांची नसतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. ती ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. मला मात्र काही वर्षांपासून वेगळाच प्रश्न पडतो. ज्याला उठून चालता येत नाही, त्याला माणसांनी आजवर कशाकशातून नेले?

रेल्वेपूर्वीचे उत्तर एका शब्दाचे आहे: खांदा. मेणा किंवा पालखी ज्यांना परवडे त्यांच्यासाठी भोई असत. बाकीच्यांना डोली, म्हणजे बांबूला टांगलेले बसके किंवा नुसती चादर. तेही नसेल तर घरातली बाज उलटी करून तिला दोर बांधायचे. वाहन गरिबाचे असो की सरदाराचे, माणसे मोजूनच प्रवास ठरे, आणि लांबच्या वाटेला बदली खांदेकरी लागत.

१ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोहोचली. पुढे १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत गेले, १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा-पुणे सुरू झाले, पण मधला बोरघाट १८६३ पर्यंत जोडला गेला नाही. त्या पाच वर्षांत पुण्याला जाणारा प्रवासी गाडीतून उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसे आणि वर जाऊन पुन्हा गाडी धरी. रेल्वेने भोयांचा धंदा बुडवला असे आपण सहज म्हणतो. बोरघाटात तिने आधी त्यांना गिऱ्हाईक आणून दिले.

कल्याणचा विषय निघाला की मला गणपतराव जोशींची यमुना आठवते. हीच डॉ. आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या क्षयाने खंगून मुंबईला उतरल्या. सोबत गोपाळराव होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली जागा त्यांची वाट पाहत होती. तिथे त्या पोहोचल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षेही भरली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. गोपाळरावांच्या हट्टी, विक्षिप्त स्वभावावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे योग्यच आहे. तरी आजारी बायकोला घेऊन समुद्र ओलांडणारा हा नवरा मला अलीकडे वेगळा दिसू लागला आहे.

त्याचे कारण घरचे आहे. माझ्या पत्नीच्या पायांतली शक्ती हळूहळू गेली. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. म्हणून हातांची प्लॅस्टिकची खुर्ची, मागे दोघे, पुढे दोघे, खुर्ची किंचित मागे कललेली. "वहिनी, डोळे मिटा," शेजारचा मुलगा म्हणतो. "मिटले की जास्त भीती वाटते रे," ती म्हणते. भोयांची संख्या चारच राहिली आहे, फक्त ते आता पगारी नाहीत. सणासुदीला चौथा मिळत नाही, तेव्हा तपासणीची तारीख पुढे ढकलावी लागते.

चाकाची खुर्ची तशी जुनी. न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या अपंग घड्याळजीने १६५५ मध्ये स्वतःच्या हाताने फिरवायची गाडी बनवली. पण आजच्या कुटुंबाच्या कामाची खरी कल्पना १९३३ ची: अमेरिकेत खाणीतल्या अपघाताने पाय गेलेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी खुर्ची घडीची केली, ती मोटारीत मावावी म्हणून. आमची घडी केलेली खुर्ची रिक्षात पायांशी आडवी राहते, आणि दर खड्ड्याला माझ्या नडगीवर आपटते.

कायद्यातला एक बदल मला फार बोलका वाटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगासाठीचे वाहन म्हणजे मुद्दाम तसेच बांधलेले. साध्या गाडीत नुसता फेरफार केलेला चालत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने फेरफार केलेली गाडीही त्या व्याख्येत आली. गाडी त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरावी, ही अट दोन्हीकडे आहे. 'व्यक्तीसाठी' या शब्दात चालवणारा नवरा किंवा बायको बसते.

लोकलमधला अपंगांचा डबा कर्करुग्णांनाही खुला आहे. परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली कल्याण-डोंबिवलीची जोडपी सकाळी त्यात दिसतात: एकाच्या हातात फाईल, दुसऱ्याच्या तोंडावर रुमाल. त्यांची अडचण डब्याच्या आत कमी आणि फलाट व पायरी यांमधल्या फटीत जास्त.

कल्याणहून मुरबाड-शहापूरकडे गेले की ही फट मैलांची होते. २०१४ पासून १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत. पावसाळ्यात पाड्यावरून तिथवर आजाऱ्याला आणायला आजही एक बांबू, एक चादर आणि दोन माणसे लागतात.