कवि टिळकांचें यश

सन १८९५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १० तारखेस मुंबई शहरांत तेहेतीस वर्षांच्या एका चित्पावन ब्राह्मणानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नारायण वामन टिळक हें त्यांचें नांव. त्या दिवशीं सायंकाळीं एखाद्या व्यवहारी गृहस्थानें त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला असता, तर खर्चाच्या बाजूस कागद अपुरा पडला असता. पत्नी दुरावली, लहानगा मुलगा तिच्याजवळ राहिला, जात गेली, स्नेह्यासोबत्यांचीं दारें बंद झालीं. जमेच्या बाजूस काय मांडावें हा प्रश्नच होता. ना संपत्ति, ना अधिकार, ना लोकांत मान. आणि तरीही, मराठी भाषा बोलणाऱ्या ज्या थोड्या माणसांचें जीवन खऱ्या अर्थानें सफल झालें असें निःशंकपणें म्हणतां येतें, त्यांत या गृहस्थांची गणना करावी लागते. हें कसें घडलें, तें पाहण्यासारखें आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोकणांतील करजगांवीं झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत. स्वभावानें कडक आणि तापट. आई जानकीबाई मात्र भाविक आणि कवितेची आवड असलेली होती. मूल अकरा वर्षांचें होतें न होतें तोंच ती निवर्तली, आणि त्या घराशीं नारायणाला बांधून ठेवणारा धागाच तुटला. नाशकास येऊन त्यांनीं गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत काव्यांचें अध्ययन केलें, थोडेंफार इंग्रजी शिक्षण घेतलें, आणि ऐन तारुण्यांत संसाराचा गाडा ओढावयास आरंभ केला. ओढावयास म्हणणें हें जरा औदार्याचेंच आहे, कारण तो गाडा एका जागीं कधीं फार दिवस ठरलाच नाहीं. आज एका गांवीं शिक्षक, उद्यां दुसऱ्या गांवीं कीर्तनकार, परवां कोठें पुराणिक. वक्तृत्व उत्तम, कवित्व उपजत, परंतु हातांत पैसा आला कीं तो दुसऱ्याच्या हातीं केव्हां जाई याचा त्यांना पत्ताच नसे. रागाच्या भरांत नोकरी सोडणें हें तर नेहमींचेंच.

अखेर नागपूरचे श्रीमंत गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांना थोडें स्थैर्य लाभलें. तेथें त्यांनीं जुन्या संस्कृत ग्रंथांचें संपादन केलें व 'ऋषि' नांवाचें धर्मविषयक मासिकही चालविलें. पण त्यांचें चित्त निराळ्याच ठिकाणीं गुंतलेलें होतें. जातिभेदानें पोखरलेल्या या देशाला एक नवा धर्म हवा, ईश्वर सर्वांचा पिता आणि सर्व मनुष्यें परस्परांचीं भावंडें या पायावर तो उभारावा, आणि तो आपण उभारावा, असा त्यांचा संकल्प होता. त्या धर्माचीं तत्त्वेंही त्यांनीं मनाशीं ठरविलीं होतीं. त्या काळच्या सुशिक्षित तरुणांत अशीं स्वप्नें पाहणारे पुष्कळ होते. त्यांतील बहुतेकांनीं पुढें वकिली केली.

सन १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांव संस्थानाकडे जात असतां आगगाडीच्या डब्यांत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशीं गांठ पडली. बोलणें निघालें तें धर्मावर नव्हे, काव्यावर. बोलतां बोलतां त्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचें वचन घेतलें, आणि आपण दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही करून टाकलें. त्या माणसाशीं टिळकांची पुन्हा ओळख वाढली नाहीं. पुस्तक वाचावयास घेतलें तें केवळ दिलेल्या शब्दाखातर. पहिल्या पानांत मन रमेना. परंतु ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर तें खालीं ठेववेना.

या प्रसंगाला चमत्काराचें रूप देण्याचा मोह अनेकांना झाला आहे. वस्तुतः येथें जमीन आधींच नांगरलेली होती. जीं तत्त्वें टिळकांनीं स्वतःच्या कल्पित धर्मासाठीं योजिलीं होतीं, त्यांतील बरींचशीं त्यांना या पुस्तकांत आढळलीं. त्यांच्या योजनेंत एकच उणीव होती: तींत नियम होते, पण गुरु नव्हता. मनुष्यमात्रावर प्रेम करावें हें तत्त्व कागदावर लिहिणें सोपें. पण ज्यानें तें आपल्या रक्तानें लिहिलें असा कोणी पुरुष डोळ्यांपुढें असल्यावांचून तें अंगीं उतरत नाहीं. टिळकांचा पिंड भक्ताचा होता, सुधारकाचा नव्हता. त्यांना सभासद व्हावयाचें नव्हतें, शिष्य व्हावयाचें होतें. आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं पोंचलों तें तुकोबांच्या पुलावरून, असें ते पुढें सांगत, तें अगदीं यथार्थ आहे. दोन वर्षें मनाची घालमेल करून त्यांनीं पाऊल टाकलें, आणि त्या अनोळखी प्रवाशाचें भाकीत खरें ठरलें.

परंतु हें पाऊल एकट्याचें नव्हतें, आणि येथेंच या चरित्रांतील खरा पेंच आहे. लक्ष्मीबाई त्या वेळीं सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालेलें. सोंवळ्याओंवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या. पतीच्या धर्मांतराची वार्ता आली तेव्हां त्यांच्या पायांखालचें जग नाहींसें झालें. पति जिवंत असून नसल्यासारखा. सौभाग्य आहे, पण घर नाहीं. दुःखातिशयानें त्यांची वेड्यासारखी स्थिति झाली व नातलगांना त्यांच्यावर पहारा ठेवावा लागला. जवळजवळ पांच वर्षें हें असें चाललें. टिळक पत्रें लिहीत, कविता करीत, विनवीत. ख्रिस्ती शास्त्र्यांनीं कितीही समर्थन केलें तरी एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे: एकाच्या आत्म्याला मिळालेल्या शांतीची किंमत त्या काळांत दुसऱ्यानें मोजली. टिळकांनाही ती टोंचणी होतीच; त्यांच्या त्या वर्षांतील कवितांत विरहाचा जो सूर आहे तो केवळ काव्यापुरता नाहीं.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे परत आल्या, पण हिंदु म्हणूनच. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. टिळकांनीं त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं, आणि हें त्यांच्या ख्रिस्तीपणाचें पहिलें मोठें प्रमाण मानावें लागेल. कारण ज्या तापट माणसाच्या रागाला घरांतलीं माणसें वचकून असत, तोच माणूस आतां ज्या एका गोष्टीसाठीं त्यानें सर्वस्व सोडलें, त्या गोष्टीविषयीं पत्नीच्या मनाची वाट पाहत बसला होता. लक्ष्मीबाईंचें परिवर्तनही वादविवादानें झालें नाहीं. हे जातींचे भेद देवानें केले कीं माणसांनीं, हा प्रश्न एके दिवशीं त्यांच्या मनांत उभा राहिला, आणि ज्या सरळ बुद्धीनें त्या भाजी निवडीत त्याच सरळ बुद्धीनें त्यांनीं तो निवडून टाकला. माणसांनीं केले असतील तर ते पाळण्याचें कारण उरत नव्हतें. मग कोणाच्याही हातचें पाणी त्यांना चालूं लागलें, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या मनानें बाप्तिस्मा घेतला. विद्वान् पति जेथें दोन वर्षें ग्रंथ चाळून पोंचला, तेथें ही जेमतेम अक्षरओळख असलेली बाई स्वयंपाकघराच्या वाटेनें पोंचली.

यानंतरच्या सतरा-अठरा वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत सांगतां येईल. टिळक नगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत राहिले. तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेंत त्यांनीं शिकविलें. १९०४ सालीं त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि लोकमान्यांपासून त्यांना ओळखूं येण्यासाठीं लोक त्यांना 'रेव्हरंड टिळक' म्हणूं लागले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. फुलांवरच्या व मुलांवरच्या त्यांच्या कविता महाराष्ट्रांतील घराघरांत गेल्या. ज्या घरांत त्यांना पंक्तीस बसविलें नसतें त्या घरांतही गेल्या. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा 'बालकवि' म्हणून गौरविला गेला, तेव्हां त्या पोराला आपल्या घरीं नेऊन पोटच्या मुलासारखें सांभाळणारे टिळकच होते. मराठी काव्यावर या दांपत्याचे उपकार मोजतांना ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

त्यांच्या मनास एक शल्य मात्र सतत बोंचत असे. ख्रिस्त पूर्वेकडचा, पण या देशांत तो आला तो परक्या पोषाखांत. उपासनेंतील गीतें इंग्रजी चालींवर बसविलेलीं, ओढूनताणून भाषांतरिलेलीं. नगरास कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधींच पाडली होती. टिळकांनीं त्या रोपट्यास आपल्या प्रतिभेचें पाणी घातलें. टाळ-मृदंगावर म्हणतां येतील असे अभंग, पदें, भजनें त्यांनीं शेंकड्यांनीं रचलीं, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनांतून तीं आजही गाइलीं जातात. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेंत ख्रिस्ताशीं बोलतां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. ख्रिस्ती झाल्यानें मनुष्य देशाला पारखा होतो या त्या काळच्या समजुतीस याहून चांगलें उत्तर कोणत्याही व्याख्यानानें दिलें नसतें.

येथपर्यंतची कहाणी ऐकून कोणी म्हणेल कीं, मग अखेर यश पदरीं पडलेंच कीं! मान मिळाला, पगार मिळाला, पत्नी परत आली, नांव झालें. ही समजूत टिळकांनीं स्वतःच मोडून काढली. सप्टेंबर १९१७ मध्यें, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, प्रकृति ढासळत असतां त्यांनीं मिशनची नोकरी सोडली. भांडण होऊन सोडली नाहीं. तेथील गोऱ्या मित्रांवर त्यांचें प्रेम शेवटपर्यंत राहिलें. परंतु पगार घेऊन देवाची सेवा करणारा मनुष्य या देशांतील लोकांना संत वाटत नाहीं, चाकर वाटतो, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसूं देईना. भक्तानें देवावर आणि लोकांच्या ओंजळीवर जगावें, ही येथली जुनी रीत. तिला अनुसरून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही तेथें सारखेंच आसन होतें. ख्रिस्तावर प्रीति एवढीच अट. कित्येक धर्मबंधूंना हें रुचलें नाहीं. बाप्तिस्म्याची मर्यादा अशी सैल केल्यास मंडळीचें स्वरूप काय उरेल, ही त्यांची शंका अगदींच निराधार होती असेंही म्हणतां येणार नाहीं. टिळकांना मात्र दरवाजापेक्षां आंत बसलेला यजमान महत्त्वाचा वाटत होता.

हिशेबी दृष्टीनें हा दरबार फसला. भोंवतीं जमलेलीं माणसें थोडीं, साधनें त्याहून थोडीं, आणि संस्थापकाचें आयुष्य तर दोन वर्षांचेंही उरलेलें नव्हतें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत टिळकांचें देहावसान झालें. त्यांच्या पश्चात् दरबार फार काळ टिकला नाहीं. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाला अग्नि देण्यांत आला. ख्रिस्ती माणसाचें दहन ही त्या दिवसांत सर्वसामान्य गोष्ट नव्हती. आपल्या समाधीवर आपल्याच एका पदांतील चरण कोरावा अशी त्यांची इच्छा होती. त्या चरणाचा आशय एवढाच कीं, प्रभो, मी अद्याप फार उणा आहें. चोवीस वर्षें ज्या मार्गावर चालण्यांत घालविलीं, त्याच्या शेवटीं या माणसाच्या हातीं स्वतःविषयींचा एवढाच निकाल होता. आणि तो लिहितांना त्यांच्या चित्तांत खेद नव्हता. असलाच तर लेंकरानें आईजवळ हट्टानें मागावें तसा अधिक मिळविण्याचा हव्यास होता. ज्या तरुणानें एके काळीं नागपुरास स्वतःचा नवा धर्म स्थापण्याचें योजिलें होतें, त्यानें इतकें अंतर चालून जावें, यालाच ख्रिस्ती लोक यश म्हणतात.

त्यांचें एक काम अपुरें राहिलें होतें. ख्रिस्ताचें चरित्र ओंव्यांत सांगणारें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य त्यांनीं आरंभिलें होतें. कांहीं अध्यायांपलीकडे तें गेलें नव्हतें. तें पुढें चालविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. टिळकांनींच त्यांना वाचावयास शिकविलें होतें. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. वैधव्यांत उदरनिर्वाहासाठीं वसतिगृहांत काम करावें, मुलाच्या संसाराबरोबर कराचीपर्यंत जावें, आणि या सर्व धांवपळींत ओंव्या रचाव्या, असा त्यांचा क्रम होता. १९३४ पासून त्यांचीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि ज्या पांच वर्षांनीं त्यांना वेडाच्या काठावर नेलें होतें त्यांची हकीकतही त्यांनीं अशी सांगितली आहे कीं, वाचतां वाचतां डोळ्यांत पाणी येतें आणि पुढच्याच ओळीस हंसूं फुटतें. पतीवर त्यांत राग आहे, थट्टा आहे, कडवटपणा मात्र शोधूनही सांपडत नाहीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या नाशकास वारल्या, तोंवर टिळकांच्या त्या थोड्या अध्यायांपुढें त्यांनीं साठांहून अधिक अध्याय लिहून ठेवले होते.