आज्ञा आणि जात : कुत्र्याच्या निवडीचा इतिहास

ग्रँट डफ यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत साताऱ्याच्या शाहू छत्रपतींविषयीं एक मौजेची हकीकत नमूद केली आहे. वाघाच्या शिकारींत महाराजांचा जीव वांचविणाऱ्या एका कुत्र्यावर त्यांची इतकी मर्जी बसली कीं, त्यांनीं त्याच्या नांवें रीतसर सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला आणि भर दरबारांत त्याला जरीचा पोशाख व जवाहीर चढवून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. साहेबानें ही गोष्ट महाराजांच्या लहरीपणाचा नमुना म्हणून सांगितली आहे. आपल्याकडे ह्या कुत्र्याचें नांव खंड्या असें सांगतात व माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्याचें स्मारक दाखवितात. लहर तर ती होतीच. पण मला ह्या हकिकतींत आणखीहि कांहीं दिसतें. खंड्याला जहागीर मिळाली ती जिवावरच्या प्रसंगीं केलेल्या कामगिरीबद्दल. "बैस" म्हणतांच बसला म्हणून मिळाली नाहीं. महाभारताच्या अखेरीस धर्मराजामागून हिमालय चढणारा कुत्रा कोणाच्या हांकेनें आलेला नव्हता, आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर चालणाऱ्या कुत्र्याला कोणी कवाईत शिकविल्याचें ऐकिवांत नाहीं. कुत्र्याची थोरवी आपण निष्ठेंत पाहिली. ती आज्ञापालनांत पाहावी, इतकेंच नव्हे तर तिला गुण देऊन मोजावें, ही दृष्टि आपल्याकडे बाहेरून आली, आणि आली तीहि उशिरां.

हा विचार सुचण्यास कारण घडलें तें असें. मुलुंडला आमच्या शेजारीं राहणारा एक विद्यार्थी कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या व अडथळ्यांच्या शर्यतींत भाग घेण्याची हौस बाळगून आहे. परदेशी कुत्र्यांच्या छायाचित्रांची एक चळत घेऊन तो माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, ह्यांत सर्वांत हुशार जात कोणती, तेवढें सांगा." प्रश्न सरळ होता, परंतु 'हुशार' ह्या शब्दाच्या पोटांत दीडशें वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो उलगडल्यावांचून उत्तर देणें म्हणजे त्या मुलाला व त्याहूनहि त्या पिल्लाला फसविण्यासारखें होतें.

ह्या शर्यतींचें मूळ मेंढपाळांच्या माळावर आहे. वेल्समधील बाला गांवीं १८७३ च्या ऑक्टोबरांत मेंढ्या हांकणाऱ्या कुत्र्यांची चढाओढ भरली. ब्रिटनांतील पहिली नोंदलेली चढाओढ म्हणून ती ओळखली जाते. तिच्यांत बाजी मारली ती टॉमसन नांवाच्या स्कॉटिश मेंढपाळाच्या 'ट्वीड' नामक कुत्र्यानें. ह्या कुत्र्याचें काम मोठें नाजूक असतें. धन्यापासून दूर डोंगराच्या उतारावर राहून त्यानें मेंढ्यांवर नजर ठेवावयाची, त्यांना चावावयाचें नाहीं, उगाच भुंकून उधळवावयाचें नाहीं, आणि धन्याची शीळ कानीं पडतांच उजवीकडे, डावीकडे वळावयाचें किंवा जागच्या जागीं निजावयाचें. म्हणजे शिकारीची मूळ वृत्ति शाबूत ठेवून तिचा शेवटचा घास तेवढा काढून घ्यावयाचा, आणि त्याच्या जागीं माणसाचा शब्द बसवावयाचा! ज्या कुत्र्याला हें साधलें त्याचीच पिल्लें मेंढपाळांनीं वाढविलीं. आज ज्याला बॉर्डर कोली म्हणतात तो अशा कित्येक पिढ्यांच्या वेंचणीचें फळ होय.

योगायोग असा कीं, त्याच १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लबची स्थापना झाली. त्या संस्थेच्या प्रदर्शनांत कुत्र्याचा कान, शेंपूट, रंग व बांधा पाहून बक्षीस देत. एकाच वर्षीं दोन वाटा निघाल्या : एक कामाची, दुसरी रूपाची. बॉर्डर कोलीला केनेल क्लबच्या दप्तरांत जागा मिळावयास १९७६ साल उजाडावें लागलें. मेंढपाळांना त्या जागेची फारशी गरजहि वाटली नव्हती. जातीची निवड करतांना माणसें आजहि फसतात तीं ह्या दोन वाटांच्या तिठ्यावरच. छायाचित्र रूपाचें असतें आणि अपेक्षा कामाची.

जर्मनींत ह्या दोन्ही वाटा जुळविण्याचा यत्न झाला. घोडदळांतील कप्तान माक्स फॉन श्टेफानित्स यानें १८९९ त जर्मन मेंढपाळ कुत्र्यांचा संघ काढला. कुत्र्याचा उपयोग हीच त्याची खरी शोभा, असा त्याचा आग्रह होता. मेंढ्यांचे कळप कमी होऊं लागतांच त्यानें आपल्या कुत्र्यांना पोलिसांच्या व सैन्याच्या कामाकडे वळविलें. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हें नांव तोंडांत नकोसें झालें म्हणून त्यांनीं ह्याच कुत्र्याचें 'अल्सेशियन' असें नामकरण केलें. ब्रिटनमध्यें जुनें नांव १९७७ त परत आलें. आपल्याकडे मात्र पुष्कळांच्या तोंडीं अल्सेशियनच आहे. दुसरी जात डॉबरमन. आपोल्डा गांवच्या ज्या कर गोळा करणाऱ्या गृहस्थानें ती सिद्ध केली, त्याच्याकडे भटकीं कुत्रीं धरण्याचेंहि काम होतें. त्याला पैशाची थैली राखणारा सोबती पाहिजे होता, व तो त्यानें घडविला.

निवळ आज्ञापालनाची परीक्षा ही ह्यानंतरची गोष्ट. अमेरिकेंत हेलन व्हाइटहाउस वॉकर नांवाच्या एका बाईकडे मोठ्या जातीचे पूडल होते. त्यांच्या केशरचनेवरून लोक त्यांची थट्टा करीत. ती खोटी पाडण्यासाठीं ह्या बाईनें १९३३ मध्यें न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को येथें एक परीक्षा भरविली : मालकाच्या पायाशीं चालणें, सांगितल्या जागीं बसून राहणें, हांक मारतांच येणें, फेंकलेली वस्तु आणून देणें. इनमीन आठ कुत्रे आले. तीन वर्षांच्या आंत अमेरिकन केनेल क्लबनें ह्या परीक्षेचे नियम केले. अडथळ्यांची शर्यत तर अगदीं अलीकडची. १९७८ त लंडनच्या ऑलिंपिया सभागृहांत क्रफ्ट्सच्या प्रदर्शनाच्या मध्यंतरांत प्रेक्षकांचा वेळ जावा म्हणून घोड्यांच्या उड्यांच्या धर्तीवर ती योजली गेली. कुंपण, बोगदा, उतरंड, सीसॉ आणि ओळीनें रोंवलेल्या काठ्यांतून नागमोडी धांव, हें सर्व घड्याळ लावून. मध्यंतराची करमणूक मूळ कार्यक्रमाहून लोकप्रिय होते हा अनुभव नाट्यरसिकांस नवा नाहीं.

आतां आपल्या घरच्या कुत्र्याकडे वळूं. घटप्रभेच्या कांठीं मुधोळ हें घोरपड्यांचें संस्थान होतें. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं बेडर लोकांजवळचे चपळ शिकारी कुत्रे हेरून त्यांची निगुतीनें पैदास केली, व त्यांतील एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली, असें सांगतात. तेव्हांपासून मुधोळ हें नांव त्या कुत्र्याला चिकटलें. पुढें १९४८ त संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व १९५६ च्या पुनर्रचनेंत तो प्रदेश म्हैसूर राज्यांत गेला. परंतु कुत्र्याला सीमा ठाऊक नव्हती. मराठवाड्यांत व दक्षिण महाराष्ट्रांत हाच कुत्रा 'कारवानी' म्हणून ओळखला जातो, व त्यांतल्या झुपकेदार केंसांच्या कुत्र्याला 'पश्मी' म्हणतात. लातूर जिल्ह्यांतील जानवळ हें गांव कारवानीच्या पैदाशीसाठीं नांवाजलेलें आहे. निमुळतें डोकें, खोल छाती, पाठीला लागलेलें पोट व लांबसडक पाय असा त्याचा बांधा पाहिला कीं अंगांत वारें भरलें असावें असें वाटतें.

त्याचें काम मात्र मेंढपाळाच्या कुत्र्याच्या उलट आहे. माळावर ससा उठला कीं त्यानें तो डोळ्यांनीं हेरावयाचा व क्षणार्धांत सुटावयाचें. धनी मागें कोठें तरी धांपा टाकीत असतो. ससा केव्हां वळेल, कोठें दडेल, ह्याचा निर्णय कुत्र्यानेंच करावयाचा. मागें वळून धन्याच्या तोंडाकडे पाहणारा कारवानी उपाशी राहिला असता, आणि त्याचा धनीहि! पिढ्यान्‌पिढ्या त्याला स्वतंत्र बुद्धीबद्दलच भाकरी मिळाली आहे. अशा कुत्र्याला "बैस, ऊठ, चल" सांगितलें असतां तो एकदां-दोनदां ऐकतो, आणि मग आपल्याकडे अशा कांहीं नजरेनें पाहतो कीं, विचारणाराच ओशाळावा.

कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनीं आज्ञापालनाच्या परीक्षकांचीं मतें मागवून १९९४ त कुत्र्यांच्या जातींची एक क्रमवारी छापली. तींत पहिला बॉर्डर कोली, दुसरा पूडल, तिसरा अल्सेशियन, पांचवा डॉबरमन, सातवा लॅब्रॅडॉर. आणि अगदीं शेवटीं अफगाण हाउंड, म्हणजे नजरेनें शिकार करणारा, आपल्या कारवानीच्याच धंद्याचा कुत्रा. ही यादी आतां जगभर 'हुशारीची यादी' म्हणून फिरते, व माझ्या विद्यार्थ्याच्या हातींहि तीच होती. वास्तविक कोरेन यांनीं स्वतःच कुत्र्याच्या बुद्धीचे उपजत, स्वानुभवाची आणि आज्ञापालनाची असे तीन भेद केले होते, व क्रमवारी केवळ तिसरीची लाविली होती. लोकांनीं भेद विसरून यादी तेवढी पाठ केली. मला ह्यांत अन्याय दिसतो. जो गुण कारवानीकडे कोणी मागितलाच नाहीं, त्याच्या अभावाबद्दल त्याला मठ्ठ ठरविणें हें पट्टीच्या पोहणाऱ्यास डोंगर चढावयास लावून नापास करण्यासारखें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला आळा बसला, तो योग्यच होता. परंतु त्यामुळें ह्या कुत्र्याचा वंशपरंपरागत धंदा बुडाला हेंहि खरें. अलीकडे, २०१६ पासून, सैन्यानें मीरत येथील आपल्या केंद्रांत मुधोळ कुत्र्यांस शिक्षण देण्यास आरंभ केला. शिकवण्याची रीत त्याच्या स्वभावाला धरून असेल तर तो शिकतो, एवढें त्यावरून दिसतें.

मुंबईचा अनुभवहि हेंच सांगतो. मुंबई पोलिसांचें श्वानपथक १९५९ च्या डिसेंबरांत निघालें तें तीन डॉबरमन घेऊन. त्या काळचें मुख्य काम गुन्हेगाराचा माग काढण्याचें होतें. १९९३ च्या मार्चमध्यें शहर बाँबस्फोटांनीं हादरलें, तेव्हां कामाचें स्वरूप बदललें. माग काढावयाचा नव्हता. गर्दींत, गोंगाटांत, न चिडतां, न भुंकतां दारूगोळा हुंगावयाचा होता. तेथें 'जंजीर' नांवाचा लॅब्रॅडॉर कामास आला. प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें त्याच्या नाकामुळें ३,३२९ किलो आर.डी.एक्स. हातीं लागलें. २००० च्या नोव्हेंबरांत तो वारला, तेव्हां पोलिसांनीं त्याला इतमामानें निरोप दिला. शाहू महाराजांच्या पालखीची आठवण मला त्या वेळीं झाली. डॉबरमन मागें पडला तो कमअस्सल म्हणून नव्हे. काम निराळें आलें म्हणून.

जातीवर किती विसंबावें, ह्या प्रश्नाला २०२२ मध्यें 'सायन्स' नियतकालिकांत आलेल्या एका मोठ्या अभ्यासानें नवें वळण दिलें आहे. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, व त्यांपैकीं २,००० हून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासून अभ्यासकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनांत जो फरक दिसतो त्यांतील सुमारें ९ टक्केच जातीवरून सांगतां येतो. पण त्यांतहि एक मेख आहे : माणसाचें सांगणें ऐकण्याची तयारी ह्या एका गुणांत जातीचा वांटा इतर गुणांहून अधिक आढळला. म्हणजे बॉर्डर कोली अल्पाभ्यासानें ऐकेल हा आडाखा सर्वस्वीं खोटा नाहीं. पण अमुक एक पिल्लूं तसेंच निघेल असें कोणी छातीवर हात ठेवून सांगूं नये.

तेव्हां आमच्या उपनगरांत राहणाऱ्यानें काय करावें? बॉर्डर कोलीला दिवसभर काम लागतें. अंधेरी-घाटकोपरच्या दोन खोल्यांत त्याला कोंडलें तर तो घरांतल्या पोरांनाच मेंढ्या समजून हांकूं लागेल, आणि मग शर्यतीचा नाद सुटलेला धनी त्याला रस्त्यावर सोडून देईल. अशीं उमदीं, भांबावलेलीं जनावरें मीं स्टेशनाच्या आसपास पाहिलीं आहेत, व त्यांच्याकडे पाहवत नाहीं. दाट केंसांच्या थंड मुलखांतील जातींना आमचा एप्रिल-मे सोसत नाहीं. त्यांचा सराव सूर्योदयापूर्वींच उरकावा लागतो. अल्सेशियन व लॅब्रॅडॉर यांच्यांत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष असतो, म्हणून आईबापांच्या सांध्यांची तपासणी झाली आहे कीं नाहीं हें विचारावें, आणि कोणतेंहि पिल्लूं असो, हाडें पक्कीं होईपर्यंत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष तरी, त्याला उंच उड्या मारावयास लावूं नयेत. कारवानी घेणाऱ्यानें हांकेला ओ मिळण्याची घाई करूं नये, व मोकळ्या रस्त्यावर त्याची दोरी सोडूं नये. मांजर दिसलें कीं तो तुमचा राहत नाहीं. आणि आमच्या गल्लीतला गांवठी कुत्रा? त्याच्या नांवावर कोणताहि गुण लिहिलेला नाहीं. पण हवा त्याला मानवते, सांधे बहुधा बळकट असतात, आणि रहदारींतून वाट काढण्याची परीक्षा तो रोज उतरतो. बोगदा व सीसॉ त्याला अवघड जाण्याचें कारण मला दिसत नाहीं.

पिल्लूं पाहण्यास जावें तें शक्यतों त्याच्या आईला पाहण्यासाठीं. ती परक्या माणसाला कशी भेटते, धनिणीच्या हांकेला वळून पाहते कीं नाहीं, आवाज झाला तर बिचकून किती वेळांत सावरते, हें अर्धा तास बसून पाहावें. मग पिल्लांतून, चेंडू टाकला असतां जें त्यामागें धांवतें आणि तो तोंडांत धरून पुन्हां माणसाकडेच येतें, तें निवडावें. मुलुंड-बोरिवलीकडे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला घर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी : तेथील बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला आहे, व त्यांत कुत्रा हें त्यांचें एक मोठें भक्ष्य असल्याचें आढळलें आहे. रात्रीं जनावर आवारांत बांधून ठेवूं नये, घरांत घ्यावें.